उलट्या-जुलाबांची साथ घरात शिरली की

गणपतीत कोकणातली घरं भरतात. एरवी जिथे दोन म्हातारी माणसं राहतात तिथे पंधरा-वीस जण होतात. ओटीवर, पडवीत, माजघरात अंथरुणं पडतात. संडास एक, फार तर दोन. मोदक वळायला पाच-सहा जणींचे हात एकाच परातीभोवती. अशा घरात दुसऱ्या-तिसऱ्या रात्री एखादं पोर अचानक ओकतं. गाडी लागली असेल, तळलेलं जास्त झालं असेल, असं म्हणून ते मागे पडतं. पुढच्या दीड-दोन दिवसांत त्या पोराची आई, मग आतेभाऊ, मग आजी अशी एकेक माणसं आडवी होऊ लागतात आणि चर्चा सुरू होते: खोबरं खवट होतं का, विहिरीचं पाणी बिघडलं का.

एकामागून एक पडण्याचा हा क्रम बघितला की निम्मं निदान तिथेच होतं. जेवण नासलेलं असेल तर ते जेवलेली माणसं साधारण एकाच वेळी, बहुतेकदा काही तासांतच आजारी पडतात. विषाणू मात्र माणसाकडून माणसाकडे जातो आणि पोटात गेल्यापासून त्रास सुरू व्हायला त्याला साधारण अर्धा ते दोन दिवस लागतात. म्हणून तो घरात टप्प्याटप्प्याने पसरतो. विषाणूच जेवणातून आला असेल तर सगळे जवळपास एकदम पडतील हे खरं, पण तेही दुसऱ्या दिवशी. पानावरून उठल्यावर तासाभरात नाही.

हे दुखणं बहुतेकांना दोन-चार दिवसांत आपोआप सोडतं. तरीही लहान मुलं आणि म्हातारी माणसं त्याने दगावू शकतात, आणि ती दगावतात ती विषाणूने पोखरल्यामुळे नव्हे, तर अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळे. विषाणू मारायचं औषध आपल्या हातात नाही. पाणी आणि मीठ परत भरणं मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे, तेही अगदी स्वस्त वस्तूंनी. हा सगळा लेख त्या एका गोष्टीसाठी आहे.

आतड्यात काय बिघडतं

पोटाच्या साथीमागे दोन नावं मुख्य. मोठ्या माणसांत आणि शाळकरी मुलांत नोरोव्हायरस, आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळांत रोटाव्हायरस. नोरोव्हायरसची पहिली ओळख पटली ती अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, नॉरवॉक गावच्या शाळेत १९६८ मध्ये आलेल्या साथीवरून. १९७२ मध्ये तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. रोटाव्हायरस १९७३ मध्ये मेलबर्नला रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी बाळांच्या आतड्यात शोधला. ॲडेनो आणि ॲस्ट्रो असे आणखी काही आहेत, पण घरच्या घरी करायचं ते सगळ्यांसाठी सारखंच.

लहान आतड्याला आतून बारीक लव असते. खाल्लेलं अन्न आणि प्यालेलं पाणी तिच्यातून रक्तात शोषलं जातं. विषाणू या लवेच्या पेशींत शिरतो, पेशी खराब होऊन गळतात, लव आखूड होते. शोषण कमी झालं की पाणी आतड्यातच राहतं आणि जुलाब होऊन बाहेर पडतं. त्याच वेळी जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतो, म्हणून मळमळ आणि उलट्या. आतड्याला खोल जखम होत नाही, म्हणून साध्या विषाणूच्या जुलाबात रक्त पडत नाही. आतड्याच्या या पेशी दर काही दिवसांनी नव्याने तयार होतातच. त्या नव्या आल्या की दुखणं संपतं. तोवर धीर धरायचा आणि पाणी टिकवायचं.

लव झडली की दुधातली साखर पचवणारा रसही काही काळ कमी पडतो. त्यामुळे जुलाब थांबत आले असताना पेलाभर दूध प्यायल्यावर पोट पुन्हा फुगतं आणि चालू होतं. मोठ्यांनी चार-सहा दिवस दूध टाळलं तर बरं; ताक-दही बहुधा सोसतं. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध मात्र तोडायचं नाही, उलट जास्त वेळा पाजायचं.

लक्षणं

सुरुवात अचानक होते. संध्याकाळपर्यंत बरं असलेलं माणूस रात्री मळमळतंय म्हणून उठतं, ओकतं आणि काही तासांत पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. पोटात कळा, अंग मोडून येणं, डोकं दुखणं, थोडा ताप. नोरोव्हायरस असेल तर एक ते तीन दिवसांत ओसरतं. रोटाव्हायरस बाळांना जास्त दमवतो: आधी ताप आणि उलट्या, मग जुलाब, आणि ते तीन दिवसांपासून आठवडाभरही चालतात. उलट्या साधारण दुसऱ्या दिवशी कमी होतात. जुलाब त्याहून रेंगाळतात आणि त्याने घाबरायचं कारण नाही, पाणी पोटात जातंय तोवर.

रोटाव्हायरसवर लस आहे. भारतात ती २०१६ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली आणि आज बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचं असताना तोंडावाटे फुकट मिळते. उपकेंद्रात इतर डोसांबरोबरच देतात. ती घेतलेल्या बाळालाही जुलाब होऊ शकतात, पण सलाईन लागण्याइतकी वेळ येण्याची शक्यता बरीच कमी होते. बाळाच्या कार्डावर ती नोंद आहे का, हे एकदा बघून ठेवा. नसेल तर आशाताईंना विचारा.

पोटासारखं दिसतं, पण पोटाचं नसतं

हा भाग मी मुद्दाम लांबवतो आहे. 'पोट बिघडलंय, जाईल' असं म्हणत घरी थांबून जीव गमावण्याचे प्रकार इथे घडतात, आणि कोकणात त्याची कारणं शहरापेक्षा वेगळी आहेत.

पावसाळ्यात आणि त्यानंतर जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे अचानक पोटात कळा आणि उलट्या सुरू झाल्या, तर मण्यारीचा विचार आधी मनात आला पाहिजे. मण्यार रात्री अंथरुणात शिरते, तिचा दंश दुखत नाही, सूज येत नाही, खूण सापडेलच असंही नाही. नंतर पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, बोलणं जड होतं, गिळता येत नाही. मग श्वास अडतो. पापणी खाली येताना दिसली की खुणा शोधत बसू नका. सर्पदंशाची लस आणि श्वासाचं यंत्र आहे अशा रुग्णालयात थेट न्यायचं, वाटेत १०८ ला फोन करायचा.

तसाच लाल विंचू. मूल किंचाळून उठलं, भराभर उलट्या, घामाने चिंब, हातपाय गार, तोंडात लाळ: ही विंचवाची लक्षणं आहेत, जुलाब नसतानाही असतात. महाडला राहून डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी याच विंचवाच्या दंशावर आयुष्यभर काम केलं आणि प्राझोसिन या गोळीने माणसं वाचतात हे जगाला दाखवलं. ती गोळी जितकी लवकर मिळेल तितकं चांगलं, म्हणून इथे घरगुती लेपात वेळ घालवू नये.

भातलावणीच्या हंगामात चिखलात राबलेल्या माणसाला तापाबरोबर उलट्या-जुलाब झाले, पोटऱ्या हात लावू देत नाहीत इतक्या दुखत असतील, डोळे लालबुंद झाले असतील, तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार) समजून त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं. लेप्टोवर औषध आहे, फक्त ते वेळेत सुरू व्हावं लागतं.

मासळीचं एक दुखणं वेगळंच आहे. बांगडा, कुप्पा यांसारखी मासळी पकडल्यावर बर्फाविना तापत राहिली की तिच्या मांसात हिस्टामीन नावाचा पदार्थ साठतो. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात तोंड लाल होतं, अंग तापल्यासारखं वाटतं, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं, मग उलट्या-जुलाब. शिजवून, तळून हिस्टामीन जात नाही, म्हणून 'चांगली तळली होती की' याला अर्थ नाही. ही ॲलर्जीसारखी लक्षणं ॲलर्जीच्या औषधाने उतरतात. श्वास लागत असेल तर ताबडतोब डॉक्टर. रात्रभर बाहेर राहिलेला भात किंवा खव्याचे पेढे खाऊन एक ते सहा तासांत जोरदार उलट्या झाल्या तर तेही जंतूंनी अन्नात आधीच सोडलेल्या विषामुळे. ते सहसा एका दिवसात निवळतं.

जुलाबात रक्त किंवा शेंब, बरोबर जोराचा ताप आणि मुरडा असेल, तर तो विषाणू नसून जिवाणू असण्याची शक्यता मोठी. तांदळाच्या धुवणासारखे, थांबतच नाहीत असे जुलाब म्हणजे कॉलरा असू शकतो. त्यात काही तासांत माणूस सुकतं. मळमळ आठवडाभर रेंगाळली, जेवणावरची वासना गेली आणि लघवी गडद पिवळी झाली की कावीळ तपासायची. दुखणं बेंबीपासून सुरू होऊन उजवीकडे खाली जाऊन बसलं, तर अपेंडिक्स. आणि पन्नाशीच्या पुढच्या, विशेषतः मधुमेह असलेल्या माणसाला जुलाब नाहीत, पण मळमळ, घाम आणि छातीखाली दाब जाणवतोय, तर ती ॲसिडिटी धरून सोडा पाजत बसू नका. हृदयविकाराचा झटका असा येतो. ईसीजी काढून घ्या.

पाणी भरून काढणं

१९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धातून पळून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथे सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचं प्रमाणशीर मिश्रण पाण्यात करून पिंपांत भरलं आणि आजारी माणसांच्या नातेवाइकांना ते पाजायला सांगितलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. डॉक्टर नव्हे, नर्स नव्हे, आजाऱ्यांच्या आई-बहिणी पेल्याने पाणी पाजत होत्या. मला या गोष्टीतलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

हे का चालतं, तर आतड्यात मीठ शोषून घेणारी एक वाट अशी आहे जी मीठ आणि ग्लुकोज जोडीने आलं तरच उघडते, आणि त्या दोघांच्या मागोमाग पाणी आत ओढलं जातं. लव आखूड झाली तरी ही वाट बरीचशी शाबूत राहते. नुसतं पाणी प्यायलं तर त्यातलं पुष्कळ खालून निघून जातं. नुसती साखर घातली तर उलट आतड्यात पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. म्हणून प्रमाण महत्त्वाचं.

याच मीठ-ग्लुकोजच्या मिश्रणाची तयार पावडर म्हणजे ओआरएस. तिचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, छोटं २०० मिलीसाठी. पाकिटावर लिहिलेलं असतं, ते वाचा. अख्खं पाकीट पेलाभर पाण्यात घालणं ही नेहमी दिसणारी चूक आहे आणि बाळांत ती धोक्याची आहे, कारण रक्तातलं मीठ वाढतं. अर्धं पाकीट अंदाजाने घालणंही नको. एक लिटरची पाण्याची बाटली घ्या, उकळून गार केलेलं पाणी भरा, अख्खं पाकीट ओता, हलवा. त्यात आणखी साखर, लिंबू, सरबत काही घालायचं नाही. घातल्यावर पुन्हा उकळायचं नाही. चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं आणि नवीन करायचं.

पाकीट नसेल आणि मेडिकल तालुक्याला असेल, तर एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा. सपाट म्हणजे सुरीच्या पात्याने वरचं काढून टाकलेला. मीठ जरा जास्त पडलं असं वाटलं तर चव घ्या: डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागत असेल तर ओतून द्या आणि पुन्हा करा.

पाजायचं किती? दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, म्हणजे साधारण अर्धी वाटी. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली. त्यापुढे जेवढं मागेल तेवढं.

आणि पाजायचं कसं, यावरच सगळं अडतं. तहानलेलं पोर पेला दोन घोटांत संपवतं आणि लगेच सगळं ओकून टाकतं. मग मागून आजी म्हणते, "पोराक पाणी दिव नको गो, परत ओकतला." आजीचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. ओकल्यावर दहा मिनिटं थांबायचं. मग पोराला मांडीवर जरा उठून बसवायचं, वाटीत ओआरएस घ्यायचं आणि चहाच्या चमच्याने एक चमचा द्यायचा. दोन मिनिटं थांबायचं. पुन्हा एक चमचा. पोर रडेल, वाटी ओढेल, तरी वाटी हातात द्यायची नाही. असे अर्धा-पाऊण तास चमचे राहिले की दोन-दोन चमचे. कंटाळवाणं काम आहे, रात्री दोन वाजता तर फारच, म्हणून घरातल्या दोघा-तिघांनी आळीपाळीने बसावं. मधे एखादी उलटी झाली तरी चमच्या-चमच्याने दिलेलं बरंचसं आत राहिलेलं असतं. बहुतेक मुलांची सलाईन या चमच्याने टळते.

सलाईनबद्दल स्पष्टच लिहितो. 'एक बाटली लावा म्हणजे तरतरी येईल' ही मागणी माणसं डॉक्टरांकडे हट्टाने करतात. ज्याच्या तोंडावाटे पाणी राहत नाही, जो ग्लानीत आहे, ज्याचं पाणी फार गेलंय, त्याला सलाईन जीवनदान आहे. जो पिऊ शकतो त्याला तिच्यातून ओआरएसपेक्षा जास्त काही मिळत नाही.

बाजारात रंगीत खोक्यांतली गोड पेयं बरीच वर्षं ओआरएसच्या नावाने विकली जात होती. त्यांत साखर जास्त आणि मीठ कमी. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. तरी मागताना 'जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट द्या' असंच सांगा आणि पाकिटावर ते छापलेलं बघा. कोल्ड्रिंक, फळांचे डबाबंद रस आणि गोड चहा जुलाबात नकोत.

शहाळ्याचं काय, हे कोकणात विचारलं जाणारच. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, पण जुलाबात जे जातं ते सोडियम कमी. ओआरएसच्या जोडीला शहाळं प्यायला हरकत नाही, ओआरएसच्या जागी मात्र नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. आपल्या घरातलं खरं औषधी पेय म्हणजे पेज. उकड्या तांदळाची, मीठ घातलेली, पातळ. तांदळाच्या पिठूळ अंशातून ग्लुकोज हळूहळू सुटतं आणि मिठाला आत नेतं. तांदळाचं ओआरएस कॉलरासारख्या जोरदार जुलाबातही चांगलं काम करतं, हे तपासून सिद्ध झालेलं आहे. कोकमाचं मीठ घातलेलं पाणी तोंडाला चव आणतं, थोडं थोडं चालेल. सोलकढी नको, नारळाच्या रसातलं तेल मळमळीत सोसत नाही.

उपाशी ठेवण्याचा काळ कधीच मागे पडलाय. उलटी थांबून तीन-चार तास झाले आणि भूक लागली की मऊ भात, आटवल, केळं, दही-भात, उकडलेला बटाटा. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. मुलाला खायला मिळालं तर आतड्याची लव लवकर भरते.

गोळ्या

अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. घरात उरलेल्या चार गोळ्या 'मागच्या वेळी गुण आला होता' म्हणून घेऊ नयेत. मागच्या वेळीही तिसऱ्या दिवशी दुखणं आपोआपच थांबलेलं असतं. जुलाब घट्ट थांबवणाऱ्या गोळ्या मुलांना अजिबात द्यायच्या नाहीत आणि रक्त किंवा जोराचा ताप असेल तर मोठ्यांनीही घ्यायच्या नाहीत. तापाला पॅरासिटामॉल पुरे. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं टाळा. अंगात पाणी कमी असताना ती मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

मुलांसाठी एक गोळी मात्र खरोखर कामाची: झिंक. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, चौदा दिवस. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम. चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून. जुलाब लवकर थांबतात आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा होण्याची शक्यता घटते. सरकारी केंद्रात ओआरएसबरोबर फुकट मिळते. जुलाब थांबले की लोक गोळीही थांबवतात. तसं न करता चौदा दिवस पुरे करा.

म्हाताऱ्यांच्या रोजच्या गोळ्यांकडे लक्ष हवं. रक्तदाबाची, लघवी वाढवणारी, मधुमेहाची काही औषधं अंगात पाणी कमी असताना त्रास देतात. आजी दिवसभर ओकते आहे आणि सकाळी नेमाने गोळ्या घेते आहे, असं असेल तर त्याच सकाळी तिच्या डॉक्टरांना फोन करून कोणती थांबवायची ते विचारा. स्वतःच्या मनाने बंद करू नका, चालूही ठेवू नका. मधुमेही माणसानेही ओआरएस घ्यायचंच. त्यातली साखर औषधापुरती असते. साखर तेवढी तपासत राहायची.

पाणी किती गेलं, हे कळतं कसं

सगळ्यात सोपं माप लघवी. मोठ्या माणसाला आठ तास लघवी झाली नाही, बाळाचं दुपटं सहा तास कोरडं राहिलं, तर पाणी बरंच गेलंय. बाळ रडतंय पण डोळ्यांत पाणी नाही, टाळू आत गेलीये, डोळे खोल, जीभ कोरडी. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडा: लगेच सपाट व्हायला हवी. ती हळूहळू बसत असेल तर काळजीचं. म्हाताऱ्यांची कातडी एरवीही सैल असते, म्हणून त्यांच्याबाबतीत जीभ, लघवी आणि बोलण्यातली सुसंगती बघा. उठताना चक्कर येते का, माणूस असंबद्ध बोलतंय का.

मूल पाणी प्यायलाच तयार नाही, निपचित पडलंय, हाक मारली तरी डोळे उघडत नाही; उलटी हिरवी आहे किंवा तिच्यात रक्त आहे; जुलाबात रक्त आहे; ताप १०२ च्या वर आहे; चमच्याने देऊनही चार तास काहीच राहत नाही: यातलं एकही दिसलं तर निघायचं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ, गर्भवती, सत्तरीच्या पुढचं माणूस यांना तर एवढं दिसेपर्यंतही थांबायचं नाही. घाटाखालची, खाडीपलीकडची गावं तालुक्यापासून लांब आहेत, पावसात पऱ्हे (ओढे) भरले की रस्ता बंद होतो. म्हणून शहरातल्या माणसापेक्षा आपण दोन तास आधी निर्णय घ्यायला हवा. संध्याकाळी शंका आली तर सकाळची वाट बघू नका. आणि वाटेत, गाडीतसुद्धा, चमचे चालू ठेवा.

बाकीच्यांना वाचवायचं असेल तर

नोरोव्हायरसचे शंभराहूनही कमी कण पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतं, आणि आजारी माणसाच्या चमचाभर विष्ठेत ते अब्जावधी असतात. उलटीचे बारीक तुषार आजूबाजूला उडतात. हाताला लावायच्या सॅनिटायझरचा यावर भरवसा धरू नका. या विषाणूला ते तेलकट आवरणच नसतं जे अल्कोहोल फोडतं. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद, नखांसकट. संडासाहून आल्यावर, बाळाचं दुपटं बदलल्यावर, आणि परातीला हात लावण्याआधी. सगळ्यांसाठी एकच टॉवेल टांगलेला असतो तो काढा.

उलटी पुसताना तोंडाला फडकं बांधा, आधी जुन्या वर्तमानपत्राने किंवा चिंधीने ती गोळा करून पिशवीत बांधा, मग ब्लीचिंगचं पाणी. एक लिटर पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर एक सपाट चहाचा चमचा. पावडर ताजी हवी, उघड्या डब्यातली जुनी मेलेली असते. दहा मिनिटं राहू द्या, मग पुसा. संडासाची मूठ, नळ, कडी, मोबाइल विसरू नका. मोबाइल तेवढा ब्लीचिंगने नको, साबणाच्या किंचित ओल्या फडक्याने पुसा. ब्लीचिंगमध्ये संडास धुवायचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. शेणाने सारवलेल्या जमिनीवर ब्लीचिंगचा जोर शेणातच संपतो. तिथे वरचा थर खरवडून लांब पुरा आणि पुन्हा सारवा.

ज्याला झालंय त्याने बरं वाटल्यावरही दोन पूर्ण दिवस दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करू नये, प्रसाद वाटू नये. सणात हे सांगणं जड जातं. घरच्या मोठ्या बाईलाच बाजूला बसवायचं म्हणजे सगळं घर थांबतं. तरीही सांगा. विषाणू त्यानंतरही दोन आठवडे विष्ठेतून जात राहतो, म्हणून हात धुणं तेवढे दिवस कडक ठेवायचं.

पाण्याचं म्हणाल तर जांभा सच्छिद्र दगड आहे. त्यातल्या भोकांतून, चिरांतून शोषखड्ड्याचं पाणी विहिरीपर्यंत लवकर पोचतं, पहिल्या जोरदार पावसात तर फारच लवकर. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने सार्वजनिक विहिरीत टीसीएल टाकल्यावर किमान तासभर पाणी उपसू नये. घरची विहीर असेल तर ती आपली जबाबदारी. नेहमीच्या मेणबत्तीच्या फिल्टरमधून विषाणू आरपार जातात, म्हणून साथीच्या दिवसांत पाणी खळखळून एक मिनिट उकळावं.

आणि कालवं. ओहोटीला खडकावरची कालवं कोयत्याच्या टोकाने फोडून तिथल्या तिथे तोंडात टाकणारी माणसं सगळ्या किनाऱ्यावर आहेत. कालवं, तिसऱ्या, शिनाणे ही सगळी दिवसभर खाडीचं पाणी गाळून त्यातलं खाद्य पोटात घेतात, आणि गावाचं सांडपाणी त्याच खाडीत येत असेल तर विषाणूही पोटात साठवतात. शिंपली उघडली की झालं, असं समजून लगेच उतरवू नका. उघडल्यावर आणखी चार-पाच मिनिटं उकळू द्या. एकशिपी (एका शिंपीसकट शिजवलेल्या तिसऱ्या) करताना तर जास्तच लक्ष द्या.

परतीच्या गाडीची तिकिटं काढलेली असतात आणि सुट्टी संपत आलेली असते, म्हणून आजारी पोराला घेऊन लोक निघतात. उलट्या थांबून पोर पाणी राखू लागेपर्यंत, निदान एक दिवस, निघू नका. निघावंच लागलं तर उकळलेल्या पाण्यात कालवलेलं ओआरएस एका बाटलीत, दोन पाकिटं वरच्या कप्प्यात, चमचा, साबणाची वडी, चार-पाच जाड प्लास्टिकच्या पिशव्या आणि जुने पंचे बरोबर घ्या. गाडीचा बेसिन सगळा डबा वापरतो. तिथला नळ साबणाच्या हाताने उघडा, कागदाने बंद करा. मुंबईला पोचल्यावर पोराला दोन दिवस शाळेत, पाळणाघरात पाठवू नका.